शेरवानीतलं बुजगावणं

आमचे हेडमास्तर स्वतःच्याच ऑफिसात शिरताना दारावर टकटक करायचे. आत माणूस कोणी नसायचा, पारवे असायचे. दार एकदम उघडलं की ते सगळे एकदम उडायचे, आणि उडता उडता जे व्हायचं ते टेबलावर, कागदांवर, कधी हेडमास्तरांच्या खांद्यावर व्हायचं. म्हणून ही टकटक. मग ते थोडं थांबायचे, घसा खाकरायचे आणि दाराच्या फटीतून अदबीनं म्हणायचे, "तशरीफ ले जाइए." त्यावर पारवे खरंच एकेक करून झरोक्यातून बाहेर पडायचे की आम्हाला तसा भास व्हायचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी नोकरीला नवा होतो तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "साहेब, पारव्यांशी उर्दूत का बोलता?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सरकारी इमारतीत राहून राहिले ते. त्यांना उर्दू यायला पायजे."

हे बोलताना ते हसले असते तर मीही हसलो असतो. ते हसले नाहीत. मी वर्गात गेलो आणि तास संपेपर्यंत विचार करत राहिलो की हेडमास्तरांनी आत्ता सरकारची थट्टा केली, माझी केली, की कोणाचीच केली नाही.

ती निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. नांदेडात आमची शाळा एका जुन्या कोठीत भरायची. शिकवणं सगळं उर्दूतून. मराठी हा एक विषय, आणि तो शिकवायला मी. आमचं घर अर्धापूरकडं, केळीच्या बागांचं. हेडमास्तर शिरूर अनंतपाळच्या बाजूचे, देशस्थ घराण्यातले, उंचेपुरे, डोकं चांगलं मोठं. त्यांना तयार पागोटं कधी बसलं नाही असं ते सांगायचे.

कोठी दिसायला देखणी होती. उंच कमानी, भिंतीच्या वर चहूबाजूंनी रुंद कंगोरा, छताखाली झरोके. बांधणाऱ्यानं ती माणसांसाठी बांधली असणार, पण पारव्यांना तसं वाटत नव्हतं. पोरांच्या पाट्यांवर घाण, नकाशांवर घाण, पाण्याच्या रांजणात पिसं. मी कविता म्हणायला लागलो की वरून घुमण्याचा असा आवाज सुरू व्हायचा की मागच्या पोरांना ओठ हललेले तेवढे दिसायचे. पावसाळ्यात गच्चीवरच्या पन्हाळींत घरट्यांच्या काड्या अडकायच्या आणि तुंबलेलं पाणी भिंतीत मुरायचं. एका वर्गाचा गिलावा पडला तो यामुळंच. सुदैवानं तेव्हा मधली सुट्टी होती.

हेडमास्तर इमारतीत छत्री उघडायचे आणि बाहेर पडलं की मिटायचे. वैशाखाच्या उन्हात ते मिटलेली छत्री काखेत मारून बाजारातून चालले आहेत, आणि शाळेत शिरताच ती उघडतात, हे दृश्य गावाच्या ओळखीचं झालं होतं. ऑफिसातल्या खुर्चीला तर एक जुनी छत्री त्यांनी कायमची बांधून टाकली होती. भेटायला येणारा माणूस आधी त्या छत्रीकडं बघायचा आणि कशासाठी आलो होतो ते विसरायचा.

त्यांचं एक पालुपद होतं, "तेही आहेच." कोणी काही बाजू मांडली की ते म्हणायचे, तेही आहेच. मग दुसरा उलट बोलला की त्यालाही तेच. मास्तरांची भांडणं त्यांच्यापुढं जायची आणि दोघंही जिंकून बाहेर यायचे. बाहेर आल्यावर भांडण पुन्हा सुरू व्हायचं.

पारव्यांच्या बाबतीतही त्यांचं तेच चाललं होतं. पण एकदा शाळा तपासायला मोहतमीम आले, म्हणजे आमचे वरचे अधिकारी. चहाचा कप त्यांनी तोंडाला लावायच्या आत वरून त्यात एक काडी पडली आणि काडीपाठोपाठ आणखी काही. मोहतमीमांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पुढच्या खेपेला मला इथं एक तर पारवे दिसतील, नाहीतर तुम्ही."

"तेही आहेच," हेडमास्तर सवयीनं म्हणाले.

घरी म्हातारी आई, लग्नाची बहीण. नोकरी जाऊन चालणार नव्हतं. त्या दिवसापासून ते कामाला लागले.

पहिल्यांदा ते फाटकासमोर राहणाऱ्या काकूंकडं गेले. या काकू विधवा होत्या, एकट्या राहायच्या आणि रोज सकाळी शाळेच्या भिंतीला लागून पसाभर ज्वारी टाकायच्या. मला हेडमास्तरांनी बरोबर नेलं होतं, साक्षीला म्हणून.

"काकू, शाळेत लई घाण होऊन राहिली," हेडमास्तर म्हणाले.

"मग झाडून घ्या की. चपराशी कशाला ठेवलाय?"

"तेही आहेच. पण तुम्ही दाणे टाकता म्हणून पारवे इथं राहतात."

काकू ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी टाकते म्हणून ते राहतात, का ते राहतात म्हणून मी टाकते? आधी कोण आलं ते तुम्हाला ठाऊक हाय?"

हेडमास्तरांनी खूप विचार केला. शेवटी म्हणाले, "न्हाई. हे मला सांगता येणार न्हाई."

परत येताना ते मला म्हणाले की काकूंचं चूक नाही. मी विचारलं, मग आपलं चूक आहे का? ते म्हणाले, तसंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना एक तोड सुचवली: दाणे टाका, पण गोदावरीच्या घाटावर टाका. काकूंचे गुडघे दुखायचे, ज्वारी उचलून तेवढं चालणं व्हायचं नाही. तेव्हा हेडमास्तर स्वतः रोज सकाळी ज्वारीची पिशवी घेऊन त्यांच्यामागं घाटावर जायला लागले. काकू पुढं, काठी टेकत. हे मागं, शेरवानीत, हातात पिशवी, काखेत छत्री. पारवे हाकलायला निघालेला माणूस त्यांना चारून का राहिलाय, हे गावात कोणालाच कळेना. पारवे घाटावर दाणे खायचे, पाणी प्यायचे आणि शाळा भरायच्या वेळेला शाळेत हजर व्हायचे.

मग त्यांनी झरोके विटांनी बंद करून घेतले. शाळेत इतकी शांतता पसरली की पोरंच बावरली. दुसऱ्या दिवशी मात्र गडबड लक्षात आली. बंद केलेल्या झरोक्यांच्या आतून बारीक आवाज यायला लागला. पिल्लं आत राहिली होती. बाहेरून मोठे पारवे येऊन विटांवर धडकायचे, खाली पडायचे, पुन्हा यायचे. हेडमास्तर ऑफिसात बसेनात. वऱ्हांड्यात फिरायचे, कानावर हात ठेवायचे, काढायचे. दुपारी त्यांनी शिडी मागवली आणि शेरवानीच्या बाह्या मागं सारून स्वतःच हातोडी घेऊन वर चढले.

खालून गवंडी म्हणाला, "साहेब, कालच तर लावल्या विटा. चुना बी वाळला न्हाई."

"आत कोणीतरी राहिलंय," हेडमास्तर वरून म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की पिल्लं उडून गेल्यावरच झरोके बुजवायचे. विचार बरोबर होता. पण एका झरोक्यातली पिल्लं उडेपर्यंत शेजारच्या झरोक्यात अंडी आलेली असायची. हेडमास्तर रोज शिडीवरून डोकावून यायचे आणि आम्हाला बातमी द्यायचे. एकदा थकून म्हणाले, "यांचं शिक्षणाचं वर्ष कधी संपतच न्हाई."

शाळेत उर्दू शिकवणारे एक मौलवीसाहेब होते. किरकोळ अंगाचे, हलक्या आवाजाचे, आणि कधी बोडक्या डोक्यानं न दिसलेले. हेडमास्तरांचा आणि त्यांचा जुना स्नेह. दोघं मधल्या सुट्टीत एकमेकांशी काही न बोलता शेजारी बसायचे. हेडमास्तरांनी गच्चीवर बुजगावणं उभं केलं तेव्हा ते बघायला मौलवीसाहेबांबरोबर मीही गेलो होतो. बांबूला गवत बांधून त्यावर धोतर, सदरा आणि फेटा चढवला होता. एक पारवा त्याच्या हातावर बसला होता, एक फेट्यावर.

मौलवीसाहेबांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "मास्तरसाहेब, हा तर गरीब माणूस दिसतो. याला कोण भिणार?"

"तेही आहेच," हेडमास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुजगावण्याच्या अंगावर हेडमास्तरांची जुनी शेरवानी आली, काखेत उसवलेली. आणि डोक्यावर लाल रुमी टोपी, तिचा काळा गोंडा वाऱ्यावर हलणारा. टोपी मौलवीसाहेबांची होती. त्यांनी ती कागदात गुंडाळून आणलेली मी पाहिली.

पारवे गेले. खरंच गेले. वाऱ्यानं फडफडणाऱ्या शेरवानीला भ्याले, हलणाऱ्या गोंड्याला भ्याले, की नुसतं काहीतरी नवं दिसलं म्हणून बिचकले, देव जाणे. पण शाळेत माझी कविता शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायला लागली.

अडचण दुसरीकडून आली. शाळेची गच्ची रस्त्यावरून दिसायची. संध्याकाळच्या उजेडात वर कोणी मोठा हाकीम उभा आहे असं वाटायचं. टांगेवाले खालून सलाम करायला लागले. गस्तीचा एक जवान तर टाच जुळवून सलाम ठोकून गेला आणि ते पानपट्टीवरच्या लोकांनी पाहिलं. मग वर गवत आहे हे गावाला कळलं, आणि गाव हसायला लागलं. शेरवानीत गवत भरलंय एवढंच कोणी म्हणायचं आणि सगळे हसायचे.

ते दिवस हसण्याचे नव्हते. मैदानात गणवेशातली पोरं लाठ्या घेऊन कवायत करायची. आमच्या शेजारचं एक कुटुंब एका सकाळी सोलापूरकडं निघून गेलं ते परत आलं नाही. कोण कोणाचं कुठं काय सांगेल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी सरकारी शाळेच्या गच्चीवर दरबारी पोशाखातलं बुजगावणं उभं आहे आणि लोक हसताहेत, ही बातमी वरपर्यंत जायला वेळ लागला नाही.

पोलिसांचे अमीन एका जवानाला घेऊन आले. नांदेडचेच, मराठी आमच्यासारखीच बोलायचे. त्यांनी बुजगावणं खाली आणवलं आणि ऑफिसातल्या टेबलावर आडवं ठेवलं. शेरवानीच्या उसवलेल्या काखेतून गवत बाहेर आलं होतं. हेडमास्तर आपल्या छत्रीखाली उभे होते. मौलवीसाहेब आणि मी भिंतीला लागून.

"शेरवानी कोणाची?"

"माझी."

"बुजगावण्याला शेरवानी का घातली?"

"आधी धोतर नेसवलं होतं," हेडमास्तर म्हणाले. "धोतराला पारवे भीत न्हाईत."

अमिनांनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "आणि शेरवानीला भितात?"

"हाव. भ्याले."

मी हेडमास्तरांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यावर काहीच नव्हतं. विचारलं त्याचं उत्तर देणाऱ्या माणसाचा जसा असतो तसा चेहरा. मला मात्र घाम फुटला होता, कारण बोलले ते शब्दाशब्दानं खरं होतं, आणि त्याहून वाईट असं काही बोलता आलं नसतं.

अमिनांनी टोपी उचलली. "ही कोणाची?"

मौलवीसाहेबांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलायला लागले होते. अशा वेळी एका मौलवीनं आपली टोपी गवताच्या डोक्यावर ठेवायला दिली, हे बाहेर पडलं असतं तर त्यांचं काय झालं असतं? अमिनांनी एक वेळ सोडलं असतं, मैदानातल्या पोरांनी सोडलं नसतं.

"माझीच," हेडमास्तर म्हणाले.

"घालून दाखवा."

हेडमास्तरांनी टोपी घेतली आणि डोक्यावर ठेवली. त्या मोठ्या डोक्यावर ती नुसती टेकली. त्यांनी हात काढला तशी ती घसरली. त्यांनी ती पुन्हा धरली.

"लहान आहे," अमीन म्हणाले.

"जी," हेडमास्तर म्हणाले. "जुनी आहे. तेव्हा माझं डोकं लहान होतं."

अमीन काही वेळ टोपीकडं बघत राहिले, मग मौलवीसाहेबांकडं, त्यांच्या लहानशा डोक्याकडं. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली, जवानाला बाहेर जायला सांगितलं आणि स्वतःही निघाले. दारात थांबून एवढंच म्हणाले, "हेडमास्तरसाहेब, तुम्ही लई साधे आहात का लई हुशार आहात?"

हेडमास्तरांनी यावरही विचार केला. पण अमीन उत्तरासाठी थांबले नाहीत.

इतिहास शिकवणारे एक तरुण मास्तर होते, ते संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाहिलंस? सरकारच्या तोंडावर बोलला माणूस. मी तर म्हणतो सगळं आधीपासून ठरवून केलेलं आहे. पारवे हा नुसता बहाणा." त्यांचे डोळे चमकत होते. मला ते पटलं. मग रात्री घरी आल्यावर काकूंच्या मागं पिशवी घेऊन चालणारे हेडमास्तर आठवले आणि पटेनासं झालं.

बुजगावणं उतरल्यावर पारवे परत आले, आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम आला. तेलंगणाच्या हद्दीवरची एक लहानशी शाळा, आणि तिथं हेडमास्तर नाही, नुसते मास्तर. हुकूम आणि निघणं यामध्ये जो महिना-दीड महिना मिळाला, तेवढ्यात त्यांनी पारव्यांचं काम पुरं केलं. आता त्याची गरज नव्हती, तरी केलं. कंगोऱ्यावर सगळीकडं उतरत्या फळ्या ठोकून घेतल्या, म्हणजे पारव्याला बसायला सपाट जागा राहू नये. ज्या झरोक्यातली पिल्लं उडाली त्याला लगेच तारेची जाळी, दुसऱ्या जोडीनं आत काडी ठेवायच्या आत. वाळलेली घाण झाडायच्या आधी तिच्यावर पाणी मारायला लावलं, म्हणजे धूळ पोरांच्या नाकात जाऊ नये. पन्हाळी मोकळ्या केल्या. शेवटचा झरोका बंद झाला तेव्हा पारवे तहसिलीच्या इमारतीवर जाऊन बसले होते. हेडमास्तर लांबून बघत म्हणाले, "आता तिथून तक्रार येईल."

त्यानंतर राज्यच गेलं. जे घडलं ते इतक्या झपाट्यानं घडलं की काल ज्याला भ्यायचं तोच आज दार लावून बसला होता. कोणाला आनंद झाला, कोणाचं घर जळालं. एकाच गल्लीत दोन्ही. इतिहासाचे मास्तर आता मोठे पुढारी झाले होते. त्यांनी हेडमास्तरांना परत बोलावलं आणि शाळेच्याच पटांगणात त्यांच्या सत्काराची सभा ठेवली.

भाषणं झाली. निजामशाहीला गवताची करून दाखवणारा माणूस, असं कोणी म्हणालं. शाल, नारळ, हार. हेडमास्तर अवघडून बसले होते. बोलायला उठले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर झरोक्यांकडं पाहिलं आणि जाळ्या शाबूत आहेत का ते बघितलं.

"तुम्ही म्हणता तसं मी काही केलं असं मला वाटत न्हाई," ते म्हणाले. "मला पारवे घालवायचे होते. पण तुम्ही इतके जण म्हणता, तर तेही असेल."

लोकांना वाटलं हा विनय आहे. टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर ते पुढं म्हणाले, "एक मात्र सांगतो. शेरवानी माझी होती. टोपी मौलवीसाहेबांची होती. सत्कार करायचाच असंल तर निम्मा त्यांचा हाय. ते इथं दिसत न्हाईत."

टाळ्या झाल्या नाहीत. पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. इतिहासाचे मास्तर उठून उभे राहिले आणि आभार मानून त्यांनी सभा संपवली.

मी हेडमास्तरांबरोबर निघालो. वाटेत मी त्यांना इतक्या दिवसांचा प्रश्न विचारला. "साहेब, धोतराला पारवे भीत नाहीत, हे तुम्ही जाणून बोललात का?"

"तेव्हा जाणून न्हाई बोललो," ते म्हणाले. "पण एवढ्या वेळा विचारलं लोकांनी, की आता आठवायला गेलो का जाणून बोलल्यासारखंच आठवतं. टोपीचं मात्र जाणून बोललो. ते पक्कं हाय."

मौलवीसाहेबांचं दार बंद होतं. कडी वाजवली तेव्हा आतून बाईचा आवाज आला, घरात कोणी नाही. आत माणसं आहेत हे आम्हाला कळत होतं. आम्हाला कळतंय हे त्यांनाही कळत असणार. मला वाटलं आता परत फिरावं. हेडमास्तर दारासमोरच्या पायरीवर बसले. "मग येईपर्यंत बसतो," ते दाराकडं तोंड करून म्हणाले, आणि खरंच बसून राहिले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मौलवीसाहेब बोडक्या डोक्यानं उभे होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आम्हा दोघांकडं, मग गल्लीत मागं कोणी आहे का तिकडं त्यांनी पाहिलं. हेडमास्तर उठले आणि शाल-नारळ त्यांच्या हातात दिला.

"हे काय?" मौलवीसाहेबांनी विचारलं.

"सभेत दिलं," हेडमास्तर म्हणाले. "कशाबद्दल दिलं ते मला नीट कळलं न्हाई. तुम्हाला कळतं का बघा."

मौलवीसाहेबांनी शालीची घडी उलटून पाहिली, पुन्हा नीट घातली. मग दारातून बाजूला सरकले आणि आम्हाला आत यायला वाट दिली.